टेकली, रुतली, अडली

मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी मला विचारलं, "तुम्ही नक्की करत काय होतात?" मी म्हणालो, "तलावांचा तळ मोजत होतो." ते म्हणाले, "अरे वा! कशानं?" मी म्हणालो, "काठीनं." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आमच्या हिच्याकडे पाहिलं आणि विषय केटररवर नेला.

त्यांची चूक नव्हती. बँकेत होतो म्हटलं की लोकांना कळतं, रेल्वेत होतो म्हटलं की आदर वाटतो. पाण्यात काठी घालून ती वर काढणारा माणूस त्यासाठी पगार घेतो हे पटायला जड जातं. तरी अठ्ठावीस वर्षं मी तेच केलं. घाटकोपरला एका फरसाणच्या दुकानावर आमच्या सर्वेक्षण कंपनीचं ऑफिस होतं. कंपनी म्हणजे मालक कर्णिक सर, एक टायपिस्ट, जमीन मोजायच्या दोन जुन्या दुर्बिणी आणि मी. बाकीची कामं जमिनीवरची असत. तलावांची कामं माझ्याकडे आली, कारण मुलाखतीत मी पोहता येतं असं सांगितलं होतं. तेवढं एकच उत्तर मी त्या दिवशी खोटं दिलं होतं.

या अंकाच्या संपादकांनी गमतीदार अनुभव मागितले होते. काही आहेत, ते देतो. शेवटचा गमतीदार नाही.

मुंबईच्या उपनगरांत लोक तलावाला निसर्ग समजतात. रविवारी मुलांना घेऊन येतात, बदकं दाखवतात. खरं तर कुठे भूकंपानं जमीन खचून तलाव होतो, कुठे नदी वळण सोडून सरळ जाते आणि मागे पाण्याचा तुकडा उरतो, कुठे बर्फ वितळून खड्डा भरतो. आमच्याकडे यातलं फारसं काही झालं नाही. आमचे बरेचसे तलाव म्हणजे कोणीतरी कधीतरी ओढ्याला घातलेला बांध, नाहीतर दगडाची खाण बंद झाल्यावर तिच्यात साचलेला पावसाळा. ज्या तलावाबद्दल मी सांगणार आहे तो मुलुंडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याचं नाव मी देत नाही. कोणा कारखान्याला पाणी हवं होतं म्हणून ओढा अडवला, एवढीच त्याची जन्मकथा. कारखाना गेला, तलाव राहिला, आणि काठावर त्याचं वर्णन 'निसर्गाचं देणं' असं करणारी पाटी लागली.

तलाव ज्या दिवशी भरतो त्या दिवसापासून तो बुजायला लागतो. ओढा डोंगरावरून माती आणतो. जाड वाळू तोंडाशीच पडते, बारीक गाळ मधे जाऊन बसतो. तोंडाशी पाणी उथळ झालं की लव्हाळे येतात, पाणकणीस येतं. ते मरून तिथेच कुजतात आणि त्यांच्या अंगावर पुढचे उगवतात. मग पाणी आणि जमीन यांच्या मधलं काहीतरी तयार होतं. त्यावर पाय ठेवला तर घोट्यापर्यंत जातो, म्हैस ठेवली तर म्हैस जाते. पाणथळ म्हणतात ती हीच. बगळे, पाणकोंबड्या, बेडूक यांना ती मूळ तलावापेक्षा जास्त आवडते. आणखी काही काळानं तिथे गवत येतं, मग झुडपं, मग सुबाभूळ, आणि आमच्या भागात त्यानंतर पत्र्याचं कुंपण. निसर्गाला या सगळ्याला हजारो वर्षं लागली असती. आम्ही सांडपाण्याच्या चार नळ्या सोडून आणि प्लास्टरच्या मूर्ती बुडवून ते काम एका माणसाच्या नोकरीच्या काळात बसवलं. तो माणूस मी.

आता काठीबद्दल. चार रिकामे ड्रम बांधून वर फळ्या टाकल्या की आमचा तराफा तयार. या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणायची, दोरीला दर दहा मीटरवर लाल चिंधी. चिंधीपाशी थांबायचं, काठी सोडायची, पट्टे वाचायचे, वहीत लिहायचं. काठी माझ्या हातात कधीच नसे. ती भोईरदादांच्या हातात असे.

भोईरदादा भांडुप गावातले, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. ते रोजंदारीवर होते, मी पगारावर. पहिला महिनाभर ते मला साहेब म्हणाले. एकदा मी तराफ्यावरून पाण्यात पडलो, त्यांनी मला कॉलर धरून वर काढलं आणि कळलं की साहेबांना पोहता येत नाही. त्या दिवसापासून मी नुसता सोनवणे झालो.

पाणी कुठे संपतं आणि तळ कुठे लागतो, हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. गाळाला वरचा पृष्ठभागच नसतो. वर तो ताकासारखा असतो, खाली दह्यासारखा, आणखी खाली चक्क्यासारखा. भोईरदादांनी काठी सोडली की आधी हाताला काहीच लागत नसे. मग खालून कोणीतरी बोट लावल्यासारखं होई. तेव्हा ते म्हणत, "टेकली." अंगाचा थोडा भार दिला की काठी पुढे जाई, हळूहळू, न कुरकुरता. "रुतली." मग एकदम हाताला ठक्क बसे. "अडली." प्रत्येक चिंधीपाशी ते आधी शब्द म्हणत, मग आकडा. "टेकली, एक वीस. अडली, चार वीस." म्हणजे एक मीटर वीस सेंटिमीटर पाणी, आणि त्याखाली तीन मीटर जे काही होतं ते.

आमच्या फॉर्ममध्ये रकाना एकच होता: खोली.

पहिल्याच आठवड्यात मी कर्णिक सरांना विचारलं, यातला कुठला आकडा लिहू? सर हुशार होते. म्हणाले, "सोनवणे, जो आकडा उद्या दुसऱ्या माणसानं मोजला तरी तोच येईल, तो शास्त्रीय. टेकली हा हाताचा प्रश्न आहे, अडली हा तळाचा." मला ते इतकं पटलं की मी घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं. त्या दिवसापासून मी 'अडली' लिहायला लागलो.

एकदा गाळाचा नमुना घ्यायचं काम आलं. लांब पोकळ नळी ठोकून ठोकून खाली घालायची आणि वर काढून आडवी चिरायची. तलावाचा सगळा इतिहास सुरळीच्या वडीसारखा समोर येतो. वरचा हातभर काळा, नाक धरायला लावणारा. त्यात पिशव्यांचे तुकडे आणि मूर्तींचा सोनेरी रंग. मग राखाडी. मग तपकिरी, स्वच्छ, हा डोंगर झाडीखाली होता तेव्हाचा. आणि सगळ्यात खाली, काठी जिथे अडायची तिथे, लाल माती, तिच्यात बारीक मुळांचे झुबके. भोईरदादांनी ते बोटांनी सोडवले आणि म्हणाले, "भाताचं हाय."

"इथे भात?"

"मंग काय, तळं आभाळातनं पडलं? खाचरं असतील कोनाची तरी. आमच्याच आज्याची असतील, काय सांगावं. कापून झाल्यावर पानी सोडलंय बघ यांच्यावर."

मी हसलो. पण त्या रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं ज्याची खोली लिहीत होतो तो तलाव नव्हताच. मी त्याच्याखालचं शेत मोजत होतो. शेत जागचं हलत नाही, आणि सांडपाण्याच्या नळ्यांमुळे पाण्याची पातळी बारा महिने सांडव्याच्या तोंडाशीच असे, म्हणून माझा आकडा दरवर्षी तोच येई. कागदावर तो तलाव कधीच बुजला नाही. लव्हाळे निम्म्यापर्यंत आले, तरी माझ्या वहीत चार वीस. ही गोष्ट मी कर्णिक सरांना सांगितली. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग," आणि फाइल मागितली. दुसरीच कुठलीतरी.

गमतीदार अनुभव म्हणजे उद्घाटनं. तलावाचं सुशोभीकरण दर दोन-तीन वर्षांनी होई आणि प्रत्येक सुशोभीकरणात काठ थोडा आत सरके, कारण लोकांना चालायला रस्ता हवा. एका वर्षी संगीतावर नाचणारं कारंजं बसवलं. पाहुणे आले, शाल झाली, नारळ झाला, तलाव हे शहराचं फुप्फुस कसं आहे यावर भाषण झालं. भाषणात फुप्फुसाच्या जागी एकदा मूत्रपिंड आलं, आणि मला तेच जास्त बरोबर वाटलं. मग बटण दाबलं. पंपाचं तोंड गाळात होतं. कारंज्यानं पहिल्या सुरावर पाहुण्यांच्या पांढऱ्या सफारीवर जे उडवलं ते मी वर सांगितलेल्या वरच्या हातभर थरातलं होतं. भोईरदादा माझ्या कानाशी म्हणाले, "टेकली."

पुढे एक तरुण मुलगा आवाजानं खोली मोजायचं यंत्र घेऊन आला. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळावर आपटून परत येतो, त्यावरून आकडा. त्याच्या पडद्यावर दोन रेघा दिसत, एक वर, एक खाली. मी विचारलं, "तळ यातला कुठला?" तो म्हणाला, "सर, बारीक आवाज वरच्या गाळावरून परततो, जाड आवाज कडक थरावरून. रिपोर्टला कुठला लावायचा ते तुम्ही ठरवा." भोईरदादा पडद्यावर वाकून बघत होते. "म्हंजे हिलापन टेकली न् अडली हायेच की," ते म्हणाले. "फुकट एवढं वायर आनलंस, पोरा." तो मुलगा मनापासून हसला. आमची नोकरी आणखी काही वर्षं टिकली.

आता ते शेवटचं.

दहाएक वर्षांपूर्वी तलावात मासे मेले. वास स्टेशनपर्यंत जायला लागला. रहिवाशांनी मोर्चा काढला आणि गाळ काढायचं ठरलं. ज्या ठेकेदाराला काम मिळालं त्यानं आधीची आणि नंतरची मोजणी आमच्या कंपनीला दिली. जितका गाळ निघेल तितके त्याला पैसे मिळणार होते.

एप्रिलमध्ये कर्णिक सरांनी मला बोलावलं. "या वेळी काठी हलकी धरायला सांग. पाणी किती आहे ते दाखवायचं आहे लोकांना."

मला आनंद झाला. खरंच झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पाणी मोजायला सांगत होतं. आम्ही मोजलं. टेकली, एक वीस. टेकली, एक दहा. टेकली, एक वीस. भोईरदादाही खुशीत होते. "आता लिवलंस बघ तळ्याचं," ते म्हणाले.

मे महिन्यात काठाशी दोन पोकलेन आले. ते ओढ्याच्या तोंडाशी उभे राहिले, लव्हाळ्यांचा एक पट्टा उचकटला, त्याचा ढीग काठावर घातला. मधे जायला त्यांना तरंगतं यंत्र लागणार होतं, ते काही आलं नाही. पाऊस आला, काम थांबलं, ढीग वाहून परत तलावात गेला. जुलैअखेर पाऊस उघडलेला पाहून सरांनी पुन्हा बोलावलं. "नंतरची मोजणी करून टाका. नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे?"

"सोनवणे, तू अडाणी आहेस का?"

मी अडाणी नव्हतो. आधीची मोजणी टेकलीनं, नंतरची अडलीनं. मधला फरक म्हणजे काढलेला गाळ. एकही आकडा खोटा लिहावा लागणार नव्हता. ज्या वर्षी मी पहिल्यांदा खरं पाणी मोजलं, ते यासाठी मोजलं होतं.

तराफ्यावर मी भोईरदादांना सांगितलं, नेहमीसारखी धरा. त्यांनी काठी फळीवर आडवी ठेवली.

"सोनवणे, दोन टायमाला दोन हात? काठी काय आपली हाय का, कशीपन धरायला?"

"वरून सांगितलंय, दादा."

"वरून पाऊस पडतो. बाकी सगळं मानसं सांगतात."

पण त्यांनी काठी धरली. पहिल्या चिंधीपाशी ते ओरडले, "अडली! चार वीस!" काठावर फिरायला आलेले लोक वळून बघायला लागले. दुसऱ्या चिंधीपाशी आणखी जोरात. "अडली! चार दहा!" त्या दिवशी साठ-सत्तर वेळा ते ओरडले असतील. घसा बसला तरी थांबले नाहीत. ते मलाच ऐकवत होते, हे मला कळत होतं. वहीत शब्दाला रकाना नव्हता. मी आकडा लिहीत गेलो.

मुलीची बारावी होती त्या वर्षी. हे कारण म्हणून सांगत नाही.

ऑगस्टमध्ये काठावर नवी पाटी लागली. 'गाळमुक्त तलाव. सरासरी खोली ४.२ मीटर.' खोलीबरोबर सोयही आली. तोवर विसर्जन काठावरच्या घाटावरून, कमरेएवढ्या पाण्यात होत असे. तलाव आता खोल झालाय म्हणून त्या वर्षी मोठ्या मूर्ती तराफ्यानं मधोमध नेऊन सोडायची परवानगी मिळाली.

गणपतीच्या पाचव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, एका मंडळाची मूर्ती मधे नेली. मी तिथे नव्हतो. भोईरदादा सकाळी तिथे गेले होते आणि त्यांनी मंडळाच्या पोरांना सांगितलं होतं, "मधी उडी मारू नका रे, पानी छातीएवढं पन नाय." एकानं पाटी दाखवली. "काका, वाचता येतं ना? चार मीटर." भोईरदादांना वाचता येत होतं, पण पाटीशी भांडता येत नव्हतं. ते घरी निघून गेले.

मूर्ती सोडली ती छातीपर्यंत बुडाली आणि वाकडी होऊन थांबली. कोणीही डोळ्यांनी बघितलं असतं तर पाणी किती आहे ते कळलं असतं. पण पाटीवर चार मीटर होतं, तेव्हा पोरांना वाटलं की मूर्ती खालच्या जुन्या सांगाड्याला अडकली आहे. नितीन म्हणून एक जण होता, एकोणतीस वर्षांचा, गॅस एजन्सीत कामाला, पट्टीचा पोहणारा. अडकलेली मूर्ती सोडवायचं काम दरवर्षी त्याचं. तो तराफ्याच्या टोकावर उभा राहिला आणि खोल पाण्यात मारतात तसा सूर मारला.

पाय वर राहिले, एवढंच सांगतो. ते थोडा वेळ हलले. दोघातिघांनी उड्या घेतल्या, पण खाली पाय टेकवायला काही नाही, आणि ओढावं तर ओढणाराच आत जातो. ते सगळे ढवळलं गेलेलं काळं पाणी खोकत राहिले आणि तेवढ्यात पायही दिसेनासे झाले. कोणीतरी भोईरदादांना घरून बोलावलं. ते काठी घेऊन आले. त्या काठीनंच त्यांनी तो शोधला.

मला त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. दम लागला होता त्यांना. "रुतलाय, सोनवणे," ते म्हणाले. "रुतलाय." मागे ढोल वाजत होते, काठावरच्या सगळ्या मंडळांना अजून कळलं नव्हतं.

चौकशी झाली. चौकशीत पहिला प्रश्न आला, मोजणी कोणी केली? कर्णिक सरांनी माझ्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. 'काठी धरणाऱ्या मजुराच्या हाताच्या चुकीमुळे...' खाली माझ्या सहीची जागा. मी म्हणालो, मी सही करणार नाही. सर म्हणाले, मग तूच लिही. मी तासभर बसून लिहिलं: 'दोन मोजण्यांच्या पद्धतीतील तफावतीमुळे...' आणि सही केली. सरांनी वाचलं, मान हलवली. त्यांना हे पहिल्यापेक्षाही आवडलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःवर खूश होतो, हे इथे कबूल केलंच पाहिजे. वाटलं, भोईरदादांना वाचवलं.

निघताना ऑफिसबाहेरच्या बाकावर नितीनची बहीण बसली होती. स्मिता. मुलुंडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. उठून माझ्यापाशी आली.

"सर, तुम्ही मोजलं होतं ना? मला दुसरं काही नको. तिथे पाणी किती होतं तेवढं सांगा."

मी म्हणालो, "ताई, ते तुम्ही कसं मोजता त्यावर आहे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाषाच बदलून बोललो होतो. मग परत बाकावर जाऊन बसली.

भोईरदादांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते अंगणात जाळं विणत होते, मान वर न करता त्यांनी ऐकलं.

"माझा हात चुकला असं नाय ना लिवलंस?"

"नाही, दादा."

"मंग कोनाचा चुकला लिवलंस?"

"कोणाचाच नाही. पद्धतीत तफावत आहे, असं लिहिलं."

त्यांचे हात थांबले. "मंग पोरगा मेला कसा?"

चौकशीत कोणी दोषी निघालं नाही. पाटी काढली, तलाव विसर्जनाला बंद केला. कागदावर कुणाचाच हात चुकला नसला तरी भोईरदादांना मोजणीला पुन्हा कोणी बोलावलं नाही. गावात मात्र कुजबुज राहिली की काठी त्याच्या हातात होती. ते नाहूरच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. मी आणखी सात वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झालो. कर्णिक सर निरोपाच्या भाषणात म्हणाले की सोनवणेंचा एकही आकडा कधी खोटा ठरला नाही. टाळ्या झाल्या.

निवृत्तीनंतर वेळ असतो. मी जुन्या वह्या काढल्या. कुठेतरी पुरावा असेल, एप्रिलच्या आकड्याशेजारी 'टे' लिहिलं असेल, जुलैच्या शेजारी 'अ'. काही नव्हतं. माझं अक्षर चांगलं आहे. पानंच्या पानं सुबक आकडे, सगळे खरे, आणि त्यांतून काहीही सिद्ध होत नाही. जे खरं होतं ते भोईरदादा सत्तर वेळा ओरडले होते, आणि त्याचा अर्थ कळणारा एकटा मी होतो.

मागच्या हिवाळ्यात मी सोसायटीच्या गेटवर त्यांना भेटायला गेलो. थकले होते. मी म्हणालो, दादा, माझं चुकलं. मी पाठ करून गेलो होतो, बरंच लांब होतं. त्यांनी मधेच तोडलं.

"माझ्याकडं कशाला आलास? माझं कोन मेलंय? त्या पोराच्या बहिनीकडं जा."

"आता दहा वर्षांनी?"

"तिच्याकडं पन दहाच वर्षं झालीत."

स्मिताचं घर मंडळाच्या लोकांनी सांगितलं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार तिनंच उघडलं. मला तिनं लगेच ओळखलं, आणि ओळखल्यानंतरही आत घेतलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तिची आई आतल्या खोलीत झोपली होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. टेकली म्हणजे काय, अडली म्हणजे काय, एप्रिलमध्ये काय केलं, जुलैमध्ये काय केलं. वर्षानुवर्षं अडाण्यालाही समजेल असं सांगायची सवय होती, तिचा पहिल्यांदा उपयोग झाला.

शेवटी तिनं विचारलं, "लिहून द्याल?"

"त्याचा आता उपयोग होईल की नाही मला माहीत नाही."

"उपयोगाचं मी बघते. लिहून द्याल का?"

तिनं लॅबचं पॅड आणलं, पेन आणलं. मी लिहिलं. काठी धरणारे भोईर यांचा हात दोन्ही वेळा बरोबर होता. जुलैमध्ये काठी गाळातून खालपर्यंत घालायला मी सांगितलं. तेव्हाच मला त्याचा अर्थ माहीत होता. ज्या जागी नितीन यांनी उडी मारली त्या जागी खोली एक मीटर वीस सेंटिमीटर होती. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली, लॅबमध्ये रिपोर्ट तपासतात तशी. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे खोली नको," ती म्हणाली. "इथे पाणी लिहा."

मी पेन परत घेतलं, 'खोली' खोडलं आणि वर 'पाणी' लिहिलं. ती म्हणाली, खाडाखोड केलीत तिथे पण सही करा. मी केली.